खामलाच्या टोपलीत कालवलेल्या गोळ्या

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. बांबूच्या बारीक पट्ट्यांची, चिकट भात ठेवायची. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! मेकाँगकाठच्या आमच्या गावात इतकी घट्ट वीण दुसरीची दाखवा, मी चुलीत उडी घेईन. खामला म्हातारीनं लग्नाआधी मला विणलं. तिचं सगळं घर माझ्यात हात घालून जेवलं. माझ्यातला भात संध्याकाळपर्यंत मऊ राहतो, असं पाहुणेही म्हणायचे.

खामलाची नात दाला. महिना सरला की पोरीचा हिवताप उलटायचा. गावात असे चाळीस जण होते. मग डॉक्टर सीफान नव्या गोळीचा गुण पारखायला आले.

"निम्म्यांच्या पुडीत औषधाच्या गोळ्या, निम्म्यांच्या पुडीत तशाच दिसणाऱ्या नुसत्या पिठाच्या. कुणाला काय, मलाही ठाऊक नाही. चौदा दिवस रोज एक गोळी घ्या. मग कुणाचा ताप उलटतो ते बघू."

"म्हणजे कुणाच्या तरी लेकराला पीठ चारणार? शिकलात की हो!" खामला म्हणाली.

डॉक्टरांची होडी वळली आणि तिनं सगळ्यांच्या पुड्या माझ्यात ओतल्या, कालवल्या, प्रत्येकाला चौदा-चौदा वाटल्या. "एकट्यानं गिळायला आपण काय मांजरं आहोत?" झालं! खरं औषध कुणालाच पुरं पडलं नाही. सून विलाय, तिलाही हाच ताप, तेवढी डोंगरावरच्या शेतात होती. तिनं आपली पुडी एकटीनं संपवली.

तीन महिन्यांनी डॉक्टर परतले आणि कुणाला काय दिलं होतं त्याची बंद यादी त्यांनी फोडली. औषधवाल्यांत तेरा जणांचा ताप उलटला होता, पीठवाल्यांत चौदा जणांचा.

"गोळ्या सगळ्या घेतल्या ना, आजी?"

"एक जरी उरली असेल तर माझं नाव बदला!" खोटं नव्हतं ते. "पण आमच्या विलायला कसा नाही आला तो ताप?"

"तिच्या पुडीत औषध होतं खरं, पण एकीवरून काय ठरतं? योगायोग असेल. नसलेला गुण आहे म्हणालो, तर लोक भलत्याच गोळीवर विसंबतील."

त्यांनी लिहिलं: औषधाला गुण नाही. गोळ्यांची पेटी होडीत चढली. एक चूक टाळायला निघालेला शहाणा माणूस दुसऱ्या चुकीत पडला, आणि मी बघत राहिले. मला तोंड आहे, मित्रांनो, पण भात काढण्यापुरतंच.

आज दाला पुन्हा काकडते आहे. खामला भाताचा घास तिच्या ओठांशी नेते. ती मान फिरवते. भात मात्र अजून मऊ आहे.

गुण दिसला नाही, म्हणून गुण नाहीच, असं लिहू नका रे. आधी विचारा, गोळ्या खाल्ल्या कशा? माझ्या विणीत त्या गोळ्यांचा पांढरा भुगा अजून अडकलेला आहे. कुणीतरी एकदा बोट फिरवून बघा.