खरंच काढू का?

ते २०१५ साल होतं, एप्रिलचे दिवस. मस्तगडच्या एका बियाणे कंपनीत मी ओल्या कागदावर उगवलेले कोंब मोजायची. शेजारी मीना काळ्या पडद्यावर अक्षरं टंकून संगणकाला आज्ञा द्यायची. कूलरमधल्या वाळ्याचा वास यायचा आणि दुपार कोंबांसारखी हळूहळू वाढायची. मीना भोकरदनकडची. तिचे वडील रामकिसन, ज्यांना ती दादा म्हणायची, आपल्या शेतात कंपनीसाठी बीजोत्पादनाचे प्लॉट करत. कंपनीचे मालक बद्रीनारायण शेठजी तिला दिवाळीत नोकरीत कायम करणार होते.

"फाइल काढून टाकायची आज्ञा काही विचारतच न्हाई, मावशी. दिली की गेलं सगळं," ती म्हणाली आणि तिनं स्वतःची एक आज्ञा बनवली. ही आज्ञा आधी विचारायची, 'खरंच काढू का?' काढलेलंही आठवडाभर जपून ठेवायची. मराठी बोलणारा तो पडदा मी बघत राहायची.

शेठजींचा पुतण्या जिनेंद्र म्हणाला, "मूळच्या आज्ञेच्या जागी हीच बसव ना."

"तिला हात लावायचा न्हाई, भैया. सकाळी उगवणीचे निकाल पाठवणारा प्रोग्राम तीच वापरतो. माझी येगळ्या जागी, येगळ्या नावानं राहू द्या. मूळ बियाण्याच्या वावरात आपण नवं वाण लावतो का?"

"आता यंत्राला बी शेती शिकवून राह्यली," तो हसला.

ती घरी गेल्यावर त्यानं तिची आज्ञा मूळच्या आज्ञेच्या जागी, मूळच्याच नावानं बसवली.

सकाळी प्रोग्राम जुने निकाल काढून टाकायला गेला आणि थांबला. रिकाम्या खोलीत पडदा विचारत होता, 'खरंच काढू का?' उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मीनानं मूळ आज्ञेची प्रत जपली होती. आल्याबरोबर तिनं ती जागेवर ठेवली, यंत्र चालू झालं. पण निकाल पाठवायची मुदत टळली होती. निकालाविना कपाशीचं बियाणं विक्रीला जाईना, गोदामात अडकलं.

"कोणाची करामत ही?" शेठजींनी विचारलं.

जिनेंद्र खिडकीबाहेर पाहू लागला.

"आज्ञा माझी हाय, शेठजी," मीना म्हणाली.

जिन्यात मी तिला अडवलं. "त्याचं नाव का न्हाई घेतलं गं?"

"शेठजींच्या घरचा माणूस हाय त्यो, मावशी. मंग दादाचे प्लॉट राह्यले असते का?"

दिवाळीआधीच ती कंपनीतून गेली. आता भोकरदनला शाळेत शिकवते. रामकिसन अखेरपर्यंत प्लॉट करत राहिले. शेठजी वारले. मी घरी बसले. कंपनी जिनेंद्र पाहतो. नवा संगणक आला की तो मूळच्या आज्ञेला हात लावू देत नाही. मीनाची आज्ञा वेगळ्या जागी स्वतः ठेवतो. तिला त्यानं नाव दिलंय 'मीना'. ते टंकतो, मोठ्यानं कधी घेत नाही.