गवंड्याचा पाय काय म्हणतो

बुधवारी सकाळी साडेदहाला आमच्या पुनर्वसन केंद्राच्या हॉलमध्ये गवंड्याचा पाय बोलू लागला.

बुधवार सोडला तर त्या वेळेला मणी ओवण्याचा वर्ग असतो. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली मंडळी अडून बसलेल्या हाताने मणी ओवतात, आणि एखादा ओवला गेला की असे बघतात, जणू समुद्रात बुडी मारून तो त्यांनीच वर आणलाय. त्या दिवशी मणी ताटलीतच राहिले. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या असे आम्ही वीसेक जण कोंडाळं करून होतो आणि मधल्या पलंगावर गवंडी उताणा पडला होता. चार महिन्यांपूर्वी तो परांचीवरून कोसळला. पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून कमरेखाली ना हालचाल, ना जाणीव.

त्याचं उघडं पाऊल स्पर्शगुरूंच्या तळहातावर होतं. स्पर्शगुरूंचे कपडे पांढरेशुभ्र आणि आवाज नुकतंच तेल सोडलेल्या बिजागरीसारखा. केंद्राच्या व्यवस्थापकांनी त्यांना ‘मानसिक उभारी’ या नावाखाली दर बुधवारचा एक तास देऊन टाकला होता. चौकशीला वेळ नव्हता, तास मात्र रिकामा होता.

“हे पाया,” गुरू म्हणाले, “जागा आहेस का?”

पाऊल उडू लागलं. थड, थड, थड, थड. चार महिने मेलेला पाय तालात वाजत होता. गुरूंनी हात खाली घेतला, पाय गप्प.

“तुझ्या मालकाला उभं करशील?”

थड, थड, थड.

“इथे राहून?”

पाऊल निपचित. हॉलमध्ये कुणाची तरी कुबडी फरशीवर पडली, ती उचलायलाही कुणी वाकलं नाही.

“मला काही कळत नाहीये,” गवंडी छताकडे बघत म्हणाला. “पाय हलतोय, पण मी नाही हलवत.”

“अगदी बरोबर!” गुरू गहिवरले. “तू हलवत नाहीस, तोच हलतोय. जीभ खोटं बोलते, डोळे खोटं बोलतात. पाऊल? पाऊल जमिनीचं असतं, बाळा. जमीन खोटं बोलत नाही.”

ज्या जमिनीवर गवंडी आपटला, तिच्याविषयी हे ऐकून मला गंमत वाटली. पण माझा खुबा मोडलेला, मी वॉकरवर. अशा अवस्थेत माणूस फार हसत नाही.

गवंड्याची बायको हुंदके देत होती. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. पंधरा वर्षं तिने नवऱ्याच्या हाताशी विटा दिल्या आणि आता त्याच्या पलंगाशेजारी चटई टाकून राहत होती. गुरूंनी तिच्याकडे न बघताच पुढचा प्रश्न टाकला.

“पाया, डॉक्टरांच्या त्या पांढऱ्या गोळ्या तुला मारतायत का?”

थड, थड, थड.

“त्या चालू राहिल्या तर तू कायमचा मरशील? वर्षात? सहा महिन्यांत?” पाऊल स्तब्ध. मग गुरूंचा आवाज अगदी खाली आला. “याच महिन्यात?”

पाय असा काही वाजू लागला, की पलंगाची दांडी खडखडली.

वहिनींनी पदर तोंडात धरला. ठरलं. गोळ्या बंद, आणि शुक्रवारी अकराला गुरूंची गाडी येऊन गवंड्याला त्यांच्या ‘जागृतिधामा’त घेऊन जाणार. चाळीस दिवस तिथे डॉक्टर नाही, व्यायाम नाही, नातेवाईक नाहीत. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या खोलीतला पोस्टमन असाच गेला होता. त्याची गादी गुंडाळून पलंगाच्या डोक्याशी ठेवलेली होती. तिच्यावर कुणी बसत नसे, का ते कुणी बोलत नसे.

पुढचे दोन दिवस केंद्राची रयाच गेली. समांतर दांड्यांना धरून पावलं टाकणाऱ्यांची रांग ओसरली. कॅरमच्या सोंगट्या डबीत पडून राहिल्या. गुरू गुरुवारीही खास येऊन बसले आणि लोक एकेक करून पायाच्या दर्शनाला आले. स्वयंपाकघरातल्या मावशींनी मुलाच्या बदलीचं विचारून घेतलं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. झटक्याने त्यांचा डावा हात गेला होता, जीभ मात्र शाबूत होती. त्यांनीही हळूच विचारलं, “माझं आयुष्य उरलंय का काही?” पाय उडाला नाही. हेडबाई खोलीत गेल्या आणि लेकीला फोन करून निरोपाच्या सुरात बोलत बसल्या.

वहिनी गोळी आणायच्या, नवऱ्याच्या ओठांपर्यंत न्यायच्या आणि रुमालात बांधायच्या. मी शेजारच्या पलंगावरून हे बघत होतो. गप्प राहिलो. माझ्यासारख्या माणसाची ही सोय असते, मनातल्या मनात चिमटा काढला की आपलं कर्तव्य झालं असं त्याला वाटतं.

शुक्रवारी सकाळी गवंड्याचे पाय फळ्यांसारखे ताठ झाले होते. मध्येच आपोआप आखडायचे आणि पलंगावर आदळायचे. अंग तापलं होतं. तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “परांचीवर कोण चढलंय? उतरवा त्याला.” भिंतीवर नुसतं घड्याळ होतं.

“पाय जोर धरतायत,” वहिनी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात फिजिओबाई आल्या. आमच्या व्यायामाच्या बाई. बोलणं मोजकं, हात लोखंडाचे. आदल्या आठवड्यापासून त्या रजेवर होत्या. त्यांनी पाय चाचपला, कपाळाला हात लावला.

“वहिनी, गोळी कधी दिली?”

“रोज देते की.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

वहिनी फरशीकडे बघत राहिल्या. बाई खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मी येताना मोठ्या इस्पितळातून आले. पोस्टमनला धामवाले परवा तिथे टाकून गेलेत. फिटवर फिट येतेय. त्याच्या भावाला विचारलं, तर म्हणे गोळ्या एकदम बंद केल्या होत्या.”

“रुमालात आहेत,” मी म्हणालो. “बुधवारपासूनच्या.”

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वॉकरची पकड घट्ट केली. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच सुरू करा, मी निघालोच. पण वहिनी पलंगाच्या आड उभ्या राहिल्या. “नाही. पायाने सांगितलंय. तुमच्या गोळीने पाय मरेल. मग काय, जन्मभर यांना असंच बघत बसू?”

अकरा वाजले होते. फाटकाशी गाडी लागली आणि स्पर्शगुरू दारात हसत उभे राहिले. मागे सगळं केंद्र.

“चला, माउली,” ते म्हणाले.

“दोन मिनिटं,” फिजिओबाई म्हणाल्या. “जाण्याआधी पायाला विचारून घेऊ. गुरूंचा हात नको, माझाही नको. वहिनी, तुमचा.”

“शक्ती प्रत्येक हातात नसते,” गुरू घाईने म्हणाले.

“मग काहीच होणार नाही. घाबरताय कशाला?” हे हेडबाईंनी विचारलं. मरायची तयारी झालेला माणूस स्पष्ट बोलतो.

“गुडघा जरा वाकवा,” बाई सांगू लागल्या. “एका हाताने पोटरी धरा. दुसरा हात चवड्याखाली. आता चवडा झटक्यात वर ढकला आणि तसाच दाबून ठेवा.”

थड, थड, थड, थड. वहिनी किंचाळल्या आणि त्यांनी हात सोडला. पाय थांबला.

“आता तसाच वर न्या, पण सावकाश. अगदी सावकाश.”

पाऊल मुकाट वर आलं.

“झटका दिला की हो, सावकाश नेलं की नाही. काहीही विचारा त्याला.”

वहिनींनी पुन्हा चवडा धरला. “मी... मी यांची बायको आहे?” झटका. थड, थड. “मी यांची सासू आहे?” झटका. थड, थड, थड.

“घ्या! नातं वाढलं,” हेडबाई म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा केंद्रात कुणीतरी हसलं.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, तो जवळजवळ ऐकूच आला नाही. “हे चालतील?” त्यांनी चवडा हळूहळू वर नेला. काही नाही. मग झटक्यात. थड, थड, थड. त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

“म्हणजे मीच बोलतेय,” त्या म्हणाल्या.

“हो.” बाई त्यांच्या शेजारी बसल्या. “कण्याला मार बसला, त्याच्या खालच्या नसा जिवंत आहेत, पण मेंदूचा लगाम तुटलाय. पोटरी अचानक ताणली की ती आकसते, सैल पडते, पुन्हा ताणली जाते, पुन्हा आकसते. हे आम्ही तपासताना रोज करतो. गोळी ही उसळी दाबून ठेवते. ती बंद केली की पाय फार बोलका होतो, म्हणून हे गुरू आधी गोळ्या बंद करायला लावतात. पण एकदम सोडली की ताप, भास, फिट.”

“विज्ञानाला सगळं कळतं थोडंच?” गुरूंनी शेवटची बिजागरी वाजवली.

“मला कळलंय,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही निघा.”

गाडी रिकामी गेली. वहिनींनी रुमाल सोडला, मग थबकल्या आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकल्या. “अहो, काय करू? तुम्ही सांगा.”

गवंड्याने ओठ ओले केले. “गोळी दे,” तो म्हणाला. “चालायचं पुढे बघू. आधी त्या खुर्चीत मला माझा मी बसायचंय.”

पोस्टमन परत आला नाही. त्याची गादी दुसऱ्याला दिली. स्पर्शगुरूंना दुसऱ्या एका केंद्रात मंगळवारचा तास मिळालाय असं ऐकतो, तिथेही व्यवस्थापकांना चौकशीला वेळ नसेल.

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला तर जरूर आश्चर्य करा, त्याला बंदी नाही. फक्त त्याच्याखाली कुणाचा हात आहे तो बघा, तो बाजूला करायला लावा आणि तिथे एकदा आपला ठेवून पाहा. डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि आजारी माणसाविषयी काही जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्या पायाला विचारू नका. माणूस तिथेच, वरच्या अंगाला असतो.