ताणावरचा समुद्र

समुद्रातलं प्रवाळ मेलं, तर नत्थुजींचा फायदाच होता. लक्षद्वीपला बुड्या मारून प्रवाळ मोजणारी त्यांची लेक रागिणी चार वर्षांनी शेंदूरजनाघाटला परतणार होती. वरूडच्या कॉलेजात जागा रिकामी होती, सांगून आलेलं स्थळ मोर्शीचं होतं, म्हणजे लेक हाकेच्या अंतरावर.

आणि प्रवाळ मरायला टेकलंय, हे रागिणीच मे महिन्यातल्या त्या दुपारी फोनवर सांगत होती. तिकडं पॅसिफिक तापला की त्याची झळ आपल्या समुद्रालाही लागते. यंदा त्यात वारा पडला, आणि पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर वर चढून सहा आठवडे तिथंच ठाण मांडून बसलं.

"किती डिग्री?" नत्थुजींनी विचारलं.

"एकतीसच्या वर."

"एकतीस? अवं, आमच्या रांजनातलं पानी याहून ऊन असते. तुहा समुद्र लय नाजूक दिसते."

रागिणी हसली नाही. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि जेवूही घालतं. पाणी तापलं की प्रवाळ त्यालाच घराबाहेर काढतं आणि पांढरंफटक होऊन उपाशी बसतं. ती मोजत होती तो प्रवाळाचा अख्खा पट्टा पांढरा पडला होता. सोमवारच्या अहवालात 'पट्टा गेला' असं लिहून ती राजीनामा देणार होती. रोज जाऊन ते बघवत नव्हतं.

"येऊ का, बाबा?"

गोदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नुसतं 'ये' म्हणायचं होतं.

"आंगावर कातडं हाये का त्याच्या?" नत्थुजींनी विचारलं.

"आहे. आरपार दिसतं, पण आहे."

"मंग गेला काहून लिवतं?"

आणि तीस वर्षं न सांगितलेलं ते बोलून गेले. संत्र्याला फूल यावं म्हणून हिवाळ्यात पाणी तोडून झाडं ताणावर सोडतात. पानं पिवळी पडून गळतात. बाग हाती आली त्या पहिल्याच साली ताण जरा लांबला. झाडं वाळली असं समजून नत्थुजींनी बावीस झाडं पाडली. मग एका खुंटाची साल सोलली, तर खाली ओलं हिरवं. घरात त्यांनी रोग पडल्याचं सांगितलं.

"नखानं खरडून पाहाले दोन मिनिटं लागत होते, बाई. तेवढा धीर नाई निंगाला माह्यानं. तू मोजत राय."

फोन ठेवल्यावर गोदाबाई एवढंच म्हणाल्या, "रोग होता म्हने."

जूनमध्ये समुद्रावर वारा सुटला, ढग आले, पाणी ढवळून निवलं. दिवाळीच्या तोंडावर फोटो आला. पांढऱ्यावर तपकिरी छटा चढत होती. निम्म्याहून थोडं जास्त तगलं होतं. बाकीचं खरंच गेलं होतं. रागिणीचं काम आणखी तीन वर्षं वाढलं.

म्हणजे प्रवाळाला जीव मिळाला, लेकीला तिचा समुद्र मिळाला. किंमत मोजली ती नत्थुजींनी. आणि तरी त्या दुपारी फोटो उशाशी ठेवून ते इतके गाढ झोपले, की बागेला पाणी सोडायला गोदाबाईंनाच जावं लागलं.