शेवटच्या तीन सेकंदांतली बोली

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मनगटावर बांधतात ते घड्याळ नव्हे, मित्रांनो. किती वाजले हे मला आजतागायत कुणी विचारलेले नाही, आणि विचारले तरी मला सांगता येणार नाही. सुरुवात केव्हा झाली आणि शेवट केव्हा झाला, एवढेच मला कळते. तळहातात मावेल अशी माझी गोल डबी, तिच्यात पांढरी तबकडी, एक लांब काटा, एक पिटुकला काटा आणि डोक्यावर बटण. ते दाबले की मी धावते, पुन्हा दाबले की थांबते. एवढ्याशा जिवाच्या हातून कुणाचे काय वाकडे होणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझी चाके बसवली, मला कानाशी धरले, "हं, बोलायला लागलं," असे म्हणाल्या आणि पुढच्या डबीला हात घातला. माझ्या वाट्याचे पहिले कौतुक ते एवढेच. पण मी ते अजून उराशी धरून आहे, कारण कौतुकाची मला भारी हौस. ती हौसच पुढे नडली.

दुकानाच्या काचेमागून मला उचलले एका तरुण माणसाने. तो शहराच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. मुले त्याला सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते. सरांनी मला दोरीत ओवून गळ्यात घातले आणि कित्येक वर्षे आम्ही दोघे तलावाच्या काठाने येरझारा घालत राहिलो. ओल्या फरशा, पाण्यातल्या औषधाचा डोळ्यांना झोंबणारा वास, घट्ट बसवलेल्या रबरी टोप्या आणि सरांची आरोळी, "तयार... सुटा!" त्यांचा अंगठा माझ्यावर पडे आणि मी जीव खाऊन धावे.

"सर, माझी वेळ किती आली?" "सर, कालच्यापेक्षा कमी आली ना?" अंगावरून पाणी निथळणारी पोरे अशी गर्दी करत की सरांना मला उंच धरावे लागे. एखाद्याला त्याची वेळ पटली नाही तर सर म्हणत, "घड्याळ खोटं बोलत नाही, बाळा." हे ऐकले की मी फुगून टम्म होई.

सरांची मुलगीही त्याच तलावात पोहायची. पाण्यात ती इतक्या लीलया वळे की सर तिला मासोळी म्हणत, आणि तलावावर तेच तिचे नाव पडले. छोट्या शर्यतीत तिचे काही चालत नसे. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत मासोळी उतरली की बाकीच्यांच्या, पाण्यात असूनही, तोंडचे पाणी पळे.

लांब शर्यतीत फेऱ्यांचा हिशेब पोहणाऱ्याला ठेवता येत नाही. कान पाण्यात, डोळे पाण्यात, मोजणार कसे? म्हणून काठावर एक पितळी घंटा टांगलेली होती. सगळ्यांत पुढे असणाऱ्याची शेवटची फेरी उरली की ती घणघण वाजवायची. घंटा ऐकली की पोहणारा अंगातले उरलेसुरले बळ पणाला लावतो. त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीला घंटा वाजवणारा माणूस आजारी पडला आणि सरांनी दोन्ही कामे स्वतःकडे घेतली. एका हातात मी, दुसऱ्या हातात घंटेची दोरी.

मासोळी सगळ्यांच्या पुढे होती. इतकी चांगली वेळ त्या तलावात तोवर कुणाचीच आली नव्हती. सरांची नजर माझ्यावरून हलेना. मला ते कळत होते, मित्रांनो, आणि मी मिरवत होते. त्या आनंदाच्या भरात सरांनी एक फेरी दोनदा मोजली आणि घंटा एक फेरी आधीच वाजवली.

मासोळीने जीव तोडून ती फेरी मारली, भिंतीला हात लावला, टोपी काढली आणि हसत हसत हात वर केला. मागच्या मुली येऊन वळल्या आणि पुढे निघाल्या. काठावरून लोक ओरडू लागले, "अगं, अजून एक! अजून एक आहे!" तिला कळायला वेळ लागला. कळले तेव्हा अंगात त्राण उरले नव्हते. ती चौथी आली.

त्यानंतर मासोळी शर्यतीत उतरली नाही, आणि घरात त्या दिवसाचा विषयही निघाला नाही. "चुकलं माझं," एवढे सरांनी म्हणायला हवे होते. ते शब्द मी कितीदा त्यांच्या ओठांपर्यंत आलेले पाहिले. पण आज नको, उद्या बोलू, असे करता करता मुलगी मोठी झाली.

सर निवृत्त झाले. तलावावर नवे शिक्षक आले, त्यांच्या हातात चमचमत्या आकड्यांची नवी यंत्रे आली. मी सरांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर येऊन पडले. शेजारी चष्म्याचे घर आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली. सर रोज सकाळी मला चावी देत. माझा काही उपयोग नव्हता, नुसती त्यांची सवय होती.

पुढे मासोळीने घरातच एक धंदा सुरू केला. जुने चषक, रॅकेटी, शिट्ट्या, फुटबॉलचे बूट अशा वस्तू ऑनलाइन लिलावात घ्यायच्या, घासूनपुसून लख्ख करायच्या आणि हौशी लोकांना विकायच्या. या लिलावात हातोडा आपटणारा माणूस नसतो. संपायची वेळ आधीच ठरलेली असते, आणि त्या क्षणाला ज्याची बोली वर, त्याची वस्तू. भोळी माणसे दिवसच्या दिवस बोली चढवत बसतात. मासोळी तसे करत नसे. त्या वस्तूशी आपले काही देणेघेणेच नाही अशी ती गप्प राही, आणि शेवटचे तीन सेकंद उरले की पटकन आपली बोली टाकी. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नसे.

या कामासाठी तिला मी लागे. तिच्या संगणकावरचे सेकंद अडखळत, मध्येच एखादा गिळून टाकत. माझा काटा अडखळत नाही. लिलावाचे एक मिनिट उरले की ती माझे बटण दाबी आणि मग डोळ्यांत तेल घालून माझ्याकडेच बघे. मी तिला एकदाही दगा दिला नाही. वस्तू मिळाली की ती म्हणे, "काय घड्याळ आहे!" आणि मी पूर्वीसारखेच फुगे. हरले कोण, ते ना तिला दिसे ना मला. तिथे नावे नसतात, नुसती दोन अक्षरे आणि चार फुल्या.

सरांनी एकदा हे पाहिले आणि त्यांचा पारा चढला.

"हे काय पोहणं झालं? हे तर पाण्याखालून पाय ओढणं झालं!"

"बाबा, नियमात बसतं हे."

"बसत असेल. पण समोरच्याला हात मारायची एक संधी द्यावी की नाही माणसानं?"

तेव्हापासून मासोळी काय घेते ते बाबांना सांगेना, आणि बाबाही तिला विचारेनात. हट्टीपणात दोघे एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे. आई वैतागून म्हणे, "दोघं दोन खोल्यांत तोंड घालून बसतात. या घरात आवाज करणारे आम्ही दोघंच, मी आणि फ्रिज."

मग तलाव कायमचा बंद झाला आणि तिथले सामान ऑनलाइन लिलावात निघाले. खुर्च्या, दोऱ्या, पाट्या, आणि ती पितळी घंटा.

सरांना ही बातमी एका जुन्या विद्यार्थ्याने कळवली. मोबाइलवर बोली कशी लावायची ते त्यांनी धडपडत शिकून घेतले. कुणी वर गेले की सरही वर जात, अगदी उघडउघड, आणि मला सांगत, "आपलीच वर आहे बघ!" एकटे असले की पुटपुटत, "ही आणायची आणि तिच्या हातात द्यायची. घंटा समोर असली की तोंड उघडेल माझं." इतकी वर्षे गिळलेली माफी मागायला त्यांना ती घंटा हवी होती. लेकीची मदत घेतली असती तर गुपित फुटले असते, म्हणून तिला ते काही बोलले नाहीत.

घंटा मासोळीलाही दिसली होती. मला हातात खेळवत ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "विकायला नको गं. घेणार आणि थेट भंगारात देणार. ती कुठंतरी टांगलेली आहे आणि लोक मजेत वाजवतायत, हे मला सहन नाही व्हायचं."

आता माझी दशा बघा, मित्रांनो. एकाच घंटेसाठी या खोलीत बाप, त्या खोलीत लेक, आणि दोघांचेही गुपित पोटात घेऊन बसलेले मी, मुके.

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. त्याच्या जरा आधी मासोळी सरांच्या खोलीत आली. "बाबा, घड्याळ नेऊ का?"

एरवी सरांच्या कपाळाला आठी पडली असती. त्या दिवशी ते मोबाइल उशीखाली सारण्यात गुंतले होते. "ने, ने," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने मला तिच्या हातात दिले.

तिने मला सुरू केले. एकदाच अडखळावे, असे माझ्या मनात आले. एक चाक जरासे मागे राहिले असते तर तिची बोली उशिरा पडली असती आणि घंटा सरांची झाली असती. पण मी अडखळले नाही. माझी चाके तशी बनलेलीच नाहीत, असे मी स्वतःला सांगते. खरे सांगायचे तर त्या क्षणीही मला नीट धावल्याचा अभिमान वाटत होता. तीन सेकंद उरले. मासोळीचे बोट खाली आले. घंटा तिची झाली.

पलीकडच्या खोलीतून सरांचा आवाज आला. पायरी चुकल्यावर माणूस "अरे!" म्हणतो, तसा. मासोळी धावली. मी तिच्या मुठीत तसेच चालू होते, मला थांबवायचे तिच्या ध्यानात राहिले नव्हते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. गेली."

"काय गेलं?"

सर पलंगाच्या कडेला बसले होते. मोबाइल मांडीवर, आणि त्यावर घंटेचे चित्र. मासोळीने ते पाहिले आणि तिच्या तळहाताला दरदरून घाम फुटला.

"शेवटपर्यंत मीच वर होतो," सर म्हणाले. "कुणीतरी अगदी शेवटी येऊन... मला बोटसुद्धा हलवता आलं नाही."

ती गप्प राहू शकली असती. तिथे नावे दिसत नाहीत, सरांना जन्मात कळले नसते. मीही मनात म्हणत होते, बोलू नकोस, बोलू नकोस. पण मासोळी माझ्यापेक्षा धीट.

"बाबा, ती बोली माझी होती."

सरांनी आधी तिच्या मुठीतल्या माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "तू? तुला कशाला हवी होती?"

"भंगारात द्यायला. आणि तुम्हाला?"

मग मात्र सरांना घंटेविनाच बोलावे लागले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी एक फेरी जास्त मोजली. तुझी शर्यत मी घालवली. तेव्हाच सांगायला हवं होतं, जीभच उचलली नाही." मला वाटले, सुटलो एकदाचे सगळे. पण मासोळी मान हलवत राहिली.

"घंटेचं काय घेऊन बसलात, बाबा! मोजण्यात चूक कुणाचीही होते. मी काठाला धरून रडत होते. तुम्ही धावत आलात. मला वाटलं, आता हात द्याल. तुम्ही आधी ह्याच्याकडे बघितलंत." तिने मूठ उघडून मला त्यांच्यासमोर धरले. "आणि म्हणालात, 'वेळ मात्र झकास होती.'"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी समजत होते की अपराध घंटेचा, फार तर सरांचा. ते वाक्य मला लख्ख आठवत होते, मित्रांनो. माझे कौतुक म्हणून मी ते जपून ठेवले होते.

सरांनी मला तिच्या हातातून घेतले. जुन्या सवयीने त्यांचा अंगठा माझ्या बटणावर आला. मग त्यांनी तो उचलला, मला टेबलावर पालथे ठेवले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "ये, मासोळी," ते म्हणाले, "इथं बस." त्या नावाने तिला घरात किती तरी वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली आणि सर तिच्याकडे बघत राहिले. आई जेवायला बोलवायला आली, दारात थबकली आणि काही न विचारता त्यांच्याजवळ येऊन बसली. मी तोंड खाली घालून धावत होते. संध्याकाळी केव्हातरी माझी चावी उतरली आणि मी आपोआप थांबले. किती वेळ झाला होता, ते कुणी पाहिले नाही.

घंटेचे खोके पुढच्या आठवड्यात आले. ते अजून उघडलेले नाही, कुणाला घाईही नाही. सर हल्ली सकाळी मला चावी द्यायचे विसरतात, कारण तेव्हा ते आणि मासोळी फिरायला गेलेले असतात. माझी तक्रार नाही.

मला पुसत जा, तेल द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते मागण्याचे तोंड मला उरलेले नाही. लिलावात कसे वागायचे तेही तुमचे तुम्ही ठरवा. पण आपल्या माणसाला जे सांगायचे असेल ते त्याला उत्तर द्यायला वेळ असेल तेव्हाच सांगा. आणि कुणी दमून, हरून पाण्याबाहेर आले तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा, मित्रांनो. वेळ माझ्या तबकडीवर थांबलेली असते. ती नंतर बघितली तरी चालते.