पालथी बादली

त्या घरात चार पिढ्या फेसाळती वाइन बनत होती, आणि चारही पिढ्यांचा नियम एकच: टाकीत साखर ओतली की बादली पालथी घालायची. तोंडाने सांगायचं नाही, पालथी बादलीच सांगते. मग वाइन बाटल्यांत भरायची, बुचं घट्ट बसवायची आणि तळघरात त्या साखरेचा फेस होऊ द्यायचा. साखर मापाबाहेर गेली तर मात्र बाटलीचा बॉम्ब होतो.

नव्या सुनेला हा नियम सांगायचं कुणाला सुचलंच नाही. जन्मापासून ठाऊक असलेली गोष्ट, ती काय सांगायची!

त्या दुपारी जेवताना खालून धाडकन आवाज आला.

"फुटली एक," सासूबाई म्हणाल्या. "दोन-चार फुटतातच दरवर्षी."

पाठोपाठ दुसरी फुटली. मग तिसरी.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "साखर तर मापात होती. यंदा बाबाच साखर ओतायला विसरले होते. बादली सुलटी दिसली, म्हणून मीच ओतली."

"सुलटी म्हणजे?" सुनेने विचारलं.

त्याने नियम सांगितला आणि ती ताटावरून उठली. टाकीत साखर पडली त्या दिवशी फरशी धुवायला तिनेच ती पालथी बादली उचलली होती, आणि टापटिपीने सुलटी करून ठेवली होती.

"बाबा कुठायत?"

"खाली. बाटल्या फिरवतायत."

ती धावली. बाटली फुटली तर काचा तोंडावर उडू नयेत म्हणून घालायचे जाळीचे दोन्ही मुखवटे खुंटीवर तसेच लटकत होते. सासरे ते कधी घालतील तर शपथ! ते घेऊन ती पायऱ्या उतरली. सासरे रांगेतली एकेक बाटली काढून, तळाचा गाळ सुटावा म्हणून हलवून, परत ठेवत होते.

"बाबा, वर चला ना."

"काच हलकी आलीय यंदा, म्हणून फुटतायत. तू जा, जेव."

सासूबाईंना चक्कर आली असं सांगावं? पण मग ते हातातली बाटली आदळून धावत सुटतील. सावकाश निघतील ते खरं ऐकूनच.

"साखर दोनदा पडलीय, बाबा. पालथी बादली मी सुलटी केली. मला माहीत नव्हतं हो!"

त्यांचा हात थांबला. तान्हं बाळ निजवावं तशी त्यांनी बाटली जागेवर ठेवली. ते ओरडतील, या तयारीने ती आली होती. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते, आणि ते पाहून ती जास्तच घाबरली. कुणालाही न घाबरणारा माणूस!

"मुखवटा घाल," ते पुटपुटले. "भिंतीला धरून चल. धक्का नको."

पायऱ्या संपता संपता मागे एक रांगच्या रांग फुटली. दार लावून घेतलं तेव्हा दोघांच्याही अंगावर वाइन होती. रक्त नव्हतं.

अंगणात येऊन सासऱ्यांनी तीच बादली पालथी घातली आणि ते तिच्यावरच बसले.

"यापुढे या घरात येणाऱ्याला आधी हे सांगायचं," ते मुलावर खेकसले. "मग बाकीचं!"

आतून आवाज येतच होते. सासऱ्यांचे पाय इतके थरथरत होते की बादलीची कडी खडखडत होती. कुणाच्या लक्षात यायच्या आत सून खाली बसली आणि तिने ती कडी घट्ट धरून ठेवली.