पिवळ्या दुधातला पहारेकरी

मित्रांनो, मी फार जुन्या घराण्यातला पहारेकरी आहे. माझं नाव डिफेन्सिन, जंतूंशी लढणारं एक चिमुकलं प्रथिन. माझी भावकी झाडांत आहे, किड्यांत आहे, तुमच्या कातडीवरही आहे. अमिनो आम्लांचे चाळीसेक मणी ओवायचे, गंधकाच्या तीन गाठी मारायच्या, की झालो मी तयार. अंगात बळ थोडं, संशय मात्र भरपूर. जो भेटेल त्याला आधी शिवून बघतो. जंतूच्या सालीवर ऋण भार असतो, माझ्यावर धन. तो भेटला की मी ओढला जातो, चिकटतो आणि त्याची साल फोडतो. माणसाच्या पेशीला शिवलो तर तशी ओढ लागत नाही. मग मुकाट पुढे जातो.

माझा जन्म सिद्धेश्वरीच्या अंगात झाला. सोलापुरातल्या एका दवाखान्यात तिला सकाळीच पहिली मुलगी झाली होती. तिच्या पहिल्या दुधात, त्या घट्ट पिवळ्या चिकात, मी आणि माझे लाखो सोबती ताटकळत होतो. बाळाच्या कोऱ्या पोटात जंतूंनी ठाण मांडायच्या आत आम्हांला तिथं पोचायचं होतं.

पण खाटेजवळ माझ्याहून संशयी कुणीतरी बसलं होतं. नागव्वा, सिद्धेश्वरीची आई.

"पिवळं हाय गं हे. नऊ म्हैने साचलेलं. पिळून टाक मोरीत. तवर मी मध चाटवते."

तिनं मधाच्या बाटलीत बोट बुडवलं. त्याच बोटानं तिनं मघाशी दाराची कडी लावली होती. मला तर त्या बोटाचाच संशय आला. पण माझं कोण ऐकतंय?

"अव्वा, सिस्टर म्हणाल्या हेच पाजायचं."

"सिस्टरला एक तरी लेकरू हाय का?"

सिद्धेश्वरीनं वाटी पुढं ओढली. माझे कितीतरी सोबती वाटीत पिळले गेले.

तेवढ्यात तिचे वडील रुद्रप्पा वळसंगहून आले. परवा म्हैस व्याली होती. लेकीसाठी त्यांनी डबाभर खरवस आणला होता. नागव्वानं डब्याकडंही संशयानंच पाहिलं.

"आदी रेडकाला पाजला न्हवं? का सगळा चीक डब्यातच भरला? तुमचा काय भरवसा!"

"पाजला की. तासाभराच्या आत. न्हायतर जगतंय व्हय ते?"

सिद्धेश्वरीनं वाटीकडं पाहिलं, मग आईकडं. "अव्वा, माझी पोरगी रेडकाहून गेलीगुजरी हाय व्हय?"

रुद्रप्पांना हसू आवरेना.

"हसू नका. म्हशीचं येगळं असतंय," नागव्वा म्हणाली. पण आवाज उतरला होता. तिनं वाटी उचलली, हुंगली, उजेडात तिरकी धरली. मग मधाचं बोट तिनं पदराला पुसलं.

"पाज. पर मी हितंच बसणार. बघतेच काय हुतंय."

अशा रीतीने, मित्रांनो, मी बाळाच्या इवल्या ओठांतून आत आलो. वाटीतले सोबती मोरीत गेले ते गेलेच. माझंही आयुष्य फार नाही. काही जंतूंच्या साली फोडीन आणि संपून जाईन. तोवर बाळाला स्वतःचं बळ येऊ लागेल. तुमच्याही घरी कधी तान्हं बाळ येईल. तेव्हा संशय जरूर घ्या, पण माझ्यासारखा, आधी नीट तपासून. आणि पहिलं पिवळं दूध मोरीत जाऊ देऊ नका.

संध्याकाळी बाळ रडलं. नागव्वा उचलायला धावली आणि मध्येच थबकली. नळाखाली तिनं साबणानं हात धुतले, बोटं निरखली, पुन्हा धुतले. आता तिला स्वतःच्या बोटांचाही संशय येतो.

मला ती आवडू लागली आहे.