उभ्या गाडीतला रस्ता

एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या ह्यांनी जाहीर केलं की सोमवारपासून गाडी बंद.

"परवडत नाही," ते म्हणाले. "पेट्रोलनं ताळच सोडलाय."

मी सुईत दोरा ओवत होते. तो निसटला. "मग मी कामाला कशी जाऊ? उडत?"

हे विचारणं भाग होतं. मी हॉस्पिटलच्या कपडेखात्यात आहे. फाटलेल्या चादरी सांधायच्या, ऑपरेशनच्या गाऊनना तुटलेल्या नाड्या लावायच्या आणि सकाळी साडेसहाला थिएटरचे गठ्ठे बांधून वर पाठवायचे. आमच्या भागातून पहिली बस सुटते सातला. साडेसहाला मी पोचले नाही तर शिलाईची खुर्ची दुसरीला मिळणार आणि माझी रवानगी तळघरात, धुलाईच्या मशिनांपाशी. तिथल्या वाफेत मला दहा मिनिटंसुद्धा श्वास पुरत नाही. एकदा जाऊन आले होते, ती स्ट्रेचरवरूनच वर आले.

भाव वाढणं नवीन नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे! आधी आमचं रविवारचं फिरणं गेलं. मग माझ्या नणंदेकडे जाणं फोनवर आलं. समोरच्या शाळामास्तरांनी माळ्यावरची सायकल काढून तिला तेल घातलं. कोपऱ्यावरचे दोघे भाऊ, ज्यांचं एकमेकांशी चार वर्षं बोलणं नव्हतं, ते एका स्कूटरवरून कामाला जायला लागले. अजूनही बोलत नाहीत, पण मागचा पुढच्याच्या खांद्याला धरून बसतो. आम्हीही अशी काटकसर करत होतोच. पण गाडी अजिबात बंद म्हणजे अतीच झालं.

मी दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. आमच्या खात्यात इस्त्रीवर दोघी आहेत, थोरली आणि धाकटी. दोघी आमच्याच रस्त्यावरच्या आणि दोघींचेही हेच हाल. तिघींनी मिळून पेट्रोल भरायचं, एकाच गाडीतून जायचं. मी मोठ्या खुशीत हे घरी सांगितलं.

"छान," हे म्हणाले. "चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"तीस वर्षं बस हाकली. आता म्हातारपणी परत माणसं वाहू? तू चालव. परवाना आहे ना तुझ्याकडे?"

परवाना होता. लग्नाच्या फोटोंखाली, कपाटात. बावीस वर्षांपूर्वी ह्यांनीच आग्रहानं काढायला लावला होता आणि मुदत संपली की दर वेळी तेच तो नवा करून आणायचे. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला तो फक्त पुसायला. मी भांडले. ते ढिम्म. अशा वेळी ह्यांच्या तोंडाला कुलूप बसतं आणि किल्ली कुठे असते ते त्यांनाच ठाऊक.

खात्यातल्या मोठ्या बाईंनी मला महिनाअखेरपर्यंत उशिराची पाळी दिली. एक तारखेला साडेसहाला हजर, नाहीतर तळघर.

शिकायचं तर गाडी रस्त्यावर न्यायला हवी. त्यालाही ह्यांचा नकार. "शिकाऊ हातात गाडी दुप्पट पिते. आधी उभ्या गाडीत शीक. उभ्या गाडीला पेट्रोल लागत नाही."

आमची गाडी इमारतीच्या मागे उभी असते, समोर तीन हातांवर भिंत. भिंतीवर कधीकाळचा चुना आणि एक नळ. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी आमची त्या नळापर्यंत. रोज दिवस कलताना आम्ही दोघं जाऊन गाडीत बसायचो. मी चालकाच्या जागी, ते शेजारी. किल्ली अर्धी फिरवायची, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप सुटतं. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे.

पहिल्या दिवशी मी हसून हसून बेजार झाले. माझा नवरा, साठी उलटलेला, गाल फुगवून घुरघुरतोय! पण तो आवाज इतका खरा होता की हळूहळू मला हसू येईना. आवाज चढला की कळायचं, गिअर बदलायचा. क्लच पटकन सोडला तर ते खोकून बंद पडायचे आणि मला सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

"निघालो," ते म्हणायचे. "फाटकातून डावीकडे. आरसा बघितलास? आता बेकरी. वास आला?"

खोटं कशाला सांगू, वास आला.

इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षं ह्यांनी मला रोज सकाळी हॉस्पिटलला सोडलं आणि अकरा वर्षांत मी तो रस्ता पाहिला नाही. मांडीवर गाऊनची चळत आणि हातात सुई. फाटकातून निघालो की मान खाली, ती हॉस्पिटलची कमान आली की वर. मला त्या रस्त्याची वळणं तेवढी ठाऊक होती, कारण वळणावर सुई बोटाला टोचायची.

म्हणून भिंतीवर जो रस्ता उमटला, तो सगळा ह्यांच्या तोंडून आला. "आता पिवळी भिंत. भिंत संपेपर्यंत तिसरा गिअर. मग तीन उंच झाडं, एकाला एक टेकलेली. तिसऱ्या झाडाशी उजवीकडे." पिवळी भिंत माझ्या डाव्या कानाशेजारून ऊन सांडत जायची. झाडांची सावली बोनेटवरून सरकायची. नळ कुठे जायचा कोण जाणे. मी इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून काय गमावलं ते त्या भिंतीनं मला दाखवलं. बस चालवणारा माणूस शहर असं बघत असेल, हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि मी ह्यांच्यावर पुन्हा एकदा, या वयात, भाळले.

इमारतीत चेष्टा झालीच. खालच्या मजल्यावरच्या मावशी कठड्याशी उभ्या राहून विचारायच्या, "आज कुठे?"

"हॉस्पिटलला."

"सावकाश जा गं बाई."

एकदा त्या स्वतःच मागचं दार उघडून आत बसल्या. पलीकडच्या टोकाला त्यांची बहीण राहते. मुलाची गाडी होती तेव्हा त्या दर पंधरवड्याला जायच्या. भाव चढल्यापासून मुलगा गाडी काढेना आणि दोन बस बदलायला मावशींचे गुडघे तयार नाहीत.

"मला बहिणीकडे सोडाल का जाता जाता?" त्यांनी विचारलं. चेष्टेतच विचारलं असावं.

ह्यांनी डोळे मिटले. "त्या बाजूला बावीस नंबरची बस. चला." आणि त्यांनी नेलं. पुलावरून, पाण्याच्या टाकीवरून, घड्याळांच्या दुकानांच्या ओळीतून. मावशी मागून म्हणत होत्या, "हो, हो, तिथेच तो उतार." बहिणीच्या दारात मी हँडब्रेक ओढला. मावशी काचेतून त्या नळाकडे बघत राहिल्या. मग "बरं झालं बाई, भेट झाली," म्हणून उतरल्या आणि पदरानं नाक पुसत जिना चढल्या.

चौथ्या आठवड्यात हे म्हणाले, "आता तुला येतंय." टाकीत थोडं पेट्रोल राहिलं होतं. एक तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना, एकदा खरोखर जाऊन यायचं ठरलं.

क्लच सोडताना मी ह्यांच्या खोकल्याचीच वाट बघत होते. पण गाडी निघाली! फाटक, डावीकडे, बेकरी. बेकरी बंद होती, वास मात्र मला सवयीनं आला. हे डोळे उघडे ठेवून ताठ बसले होते, हात मांडीवर.

"आता पिवळी भिंत," ते म्हणाले.

भिंत नव्हती. तिथे काचेचं मोठं शोरूम होतं, फरश्यांचं, आणि काचेवर धूळसुद्धा जुनी होती. मला वाटलं मी कुठे चुकले. पण रस्ता सरळच होता.

"आता झाडं. तिसऱ्याशी उजवीकडे."

झाडं नव्हती. तीन बुंधे होते, गुडघ्याएवढे, आणि एकावर कुणी फुलाची कुंडी ठेवली होती. बुंध्यांना नवी पालवी फुटून तीही हातभर वाढली होती. म्हणजे झाडं कापून वर्ष तरी झालं असणार. आणि ह्यांनी तर मला महिन्यापूर्वीपर्यंत रोज याच रस्त्यानं आणलं होतं.

मी उजवीकडे वळले.

पुढे पट्ट्यापट्ट्यांचं क्रॉसिंग होतं. एक बाई लाल स्वेटर घालून पलीकडे निघाली होती, अगदी मधोमध, सावकाश.

"मोकळा आहे," हे म्हणाले. "जाऊ दे, जाऊ दे. तिसरा टाक."

मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी आचके देऊन बंद पडली. लाल स्वेटरवाली माझ्याकडे बघून हसली, हात हलवला आणि गेली. बोनेटपासून चार हातांवरून गेली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. ते समोरच बघत होते.

"मांजर," मी म्हणाले.

"मांजरांचं लक्षच नसतं," ते म्हणाले.

मी गाडी परत सुरू केली. आधी मला संताप आला, असा की गाडी तिथेच थांबवून ह्यांना खाली उतरवावं. वर्षभर! वर्षभर मी शेजारी बसून नाड्या शिवत होते आणि हा माणूस आठवणीवर गाडी चालवत होता. तीस वर्षांत ह्यांच्या बसखाली कधी कुणाचं कुत्रंही आलं नव्हतं. त्याचं प्रशस्तिपत्र आमच्या दिवाणखान्यात आहे आणि मीच त्याच्यावरची धूळ पुसते. कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर? हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं.

तेवढ्यात पेट्रोल पंप आला. रविवारच्या सकाळी तिथे एकही गाडी नव्हती. टाकीचा काटा तळाला टेकला होता, म्हणून मी आत वळले. समोरच भावाचा फलक, दिव्यांचे आकडे, एकेक आकडा माणसाएवढा. त्याच्याखाली पंपवाल्यांनी तांबड्या अक्षरांत कापड लावलं होतं: भाव उतरले. गाडीच्या काचेत फलकाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

हे त्या फलकाकडे तोंड करून बसले होते.

"काय गं," ते हळूच म्हणाले, "काय झालाय भाव आज?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सीटचा पट्टा मुठीत गच्च धरला होता.

"उतरला असेल तर तसं सांग," ते म्हणाले. "उतरला असेल तर उद्यापासून मीच नेईन तुला. शब्द आहे माझा. तू आपली शिवत बस."

तेव्हा मला सगळं कळलं आणि राग कुठल्या कुठे गेला. एखाद्या सकाळी ह्यांना काहीतरी दिसलं नसणार, माझ्या लक्षातही न आलेलं काहीतरी, आणि हे घाबरले असणार. आयुष्यभर जी किल्ली हातात धरली ती ह्यांनी आपण होऊन खाली ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त नाव पेट्रोलचं घेतलं होतं. आणि माझी खुर्ची जाऊ नये म्हणून महिनाभर त्या भिंतीसमोर बसून, होता नव्हता तेवढा सगळा रस्ता मला देऊन टाकला होता.

"सांग ना," ते म्हणाले.

"वाढलाय," मी म्हणाले.

"वाढलाय?"

"चांगलाच वाढलाय. विचारूच नका."

ह्यांचा जीव भांड्यात पडला, तो मला ऐकू आला. मूठ सुटली. "बघ," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? लुटारू आहेत सगळे." आणि त्यांनी पेट्रोलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अगदी मनापासून, गेल्या महिनाभरात ऐकला नव्हता इतक्या मोकळ्या आवाजात. पेट्रोल भरायला आलेला माणूस फलकाकडे आणि ह्यांच्याकडे आळीपाळीनं बघायला लागला. मी त्याला खूण केली की गप्प राहा.

बाहेर पडताना मी दोन्हीकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"अहो," मी म्हणाले, "हल्ली सुईत दोरा ओवताना मला त्रास होतो. उद्या पाळी सुटल्यावर आमच्याच हॉस्पिटलात डोळे तपासून घेईन म्हणते. तुम्हीही चला सकाळी माझ्याबरोबर. आमच्या शिलाईच्या खोलीत बसा, मग दोघं मिळून दाखवू. नंतर वेगळं यायचं म्हणजे वेगळं पेट्रोल."

पुलावरून गेलो, एक चौक गेला, दुसरा गेला. त्यांना सगळं समजलं होतं आणि मला समजलंय हेही समजलं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी येत होतं. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"गाडी जातेच आहे ना तशी," ते शेवटी म्हणाले.

"जातेच आहे."

"मग येतो," ते म्हणाले. "तिसरा टाक आता."

समोर रस्ता मोकळा आहे हे मी नीट बघून घेतलं आणि तिसरा टाकला.